ल मोर्नचा काळा कातळ

कातळाला हात लावला आणि तो ओळखीचा निघाला. काळा, खरखरीत, मध्येमध्ये बारीक छिद्रं असलेला, उन्हाच्या बाजूला कोमट आणि सावलीच्या बाजूला गार. आमच्या वैराटगडाच्या शेवटच्या चढावर असाच लागतो. मान वळवली तर खाली मात्र कृष्णेचं खोरं नव्हतं. हिंदी महासागर होता.

मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेली एक जमिनीची जीभ आहे. तिच्यावर ल मोर्न ब्राबां नावाचा एकच डोंगर उभा आहे, ५५६ मीटर उंचीचा. आमच्या वाईचा बाजारच समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे या डोंगराचा माथा आमच्या भाजीमंडईपेक्षा खाली आहे. पण तिथे समुद्रसपाटी म्हणजे खरोखरच पायाशी समुद्र असतो. चढाई शून्यापासून सुरू होते आणि शेवटचा भाग उभाच्या उभा आहे.

मे महिन्यात मी शाळेतून निवृत्त झाले. सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. माझी भाची ऑगस्टमध्ये मॉरिशसला निघाली होती, तिने "मावशी, चल ना" म्हटलं आणि मी एका अटीवर हो म्हटलं. किनाऱ्यावर तिला हवं तितकं बसू, पण एक सकाळ माझी. तिने ती सकाळ मला दिली, आणि वर माझ्याबरोबर चढूनही आली.

अट घालायला कारण होतं. दरवर्षी मी फळ्यावर भारताचा नकाशा काढायचे, त्याच्या खाली अरबी समुद्रातून हिंदी महासागरात उतरणारी एक तुटक रेघ काढायचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली भूमी सरकत सरकत एका हॉटस्पॉटवरून गेली. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या त्या उष्णतेने जमीन फाडली, लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार झालं. भारत उत्तरेकडे निघून गेला, चूल तिथेच राहिली. तिच्यावरून पुढे समुद्राचा तळ सरकत गेला आणि तिने मालदीव, चागोस अशा बेटांचा पाया घातला. मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं. आज ती चूल रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे सह्याद्री थोरला भाऊ आणि मॉरिशस कितीतरी वर्षांनी झालेलं धाकटं भावंड. मुलांना हे सांगताना मी तुटक रेघेच्या खालच्या टोकाशी खडूने एक ठिपका देत असे. त्या ठिपक्यावर मला पाय ठेवायचा होता.

आम्ही सकाळी साडेसहाला फाटकाशी पोचलो. तिथल्या चौकीत वहीत नाव, देश आणि वेळ लिहायची असते, उतरल्यावर पुन्हा सही करायची. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. वाटाड्या घेतलाच पाहिजे असंही नाही, पण आम्ही पायथ्याच्या ल मोर्न गावातला एक तरुण बरोबर घेतला होता आणि आता सांगते, घ्यावाच. वाट दाखवायला त्याची गरज नाही, वाट चुकण्यासारखी नाहीच. कुठल्या खाचेत पाय टाकायचा हे सांगायला कोणीतरी हवं असतं, आणि त्या डोंगराचं जे काही आहे ते त्याच्याच माणसाच्या तोंडून ऐकायला हवं असतं.

पहिला अर्धा भाग रुंद कच्चा रस्ता आहे. गाडी जाईल एवढा, हळूहळू चढणारा. दोन्ही बाजूंना मी देशाबाहेर आहे असं वाटू नये अशी झाडी. सुबाभूळ, घाणेरी, पुन्हा सुबाभूळ. दोन्ही मूळच्या अमेरिकेकडच्या, आपल्याकडे माजल्या तशा तिथेही माजल्या आहेत. झुडपातून एक पक्षी बोलला आणि भाची म्हणाली, "मावशी, हा तर आपला शिपाई बुलबुल." खरंच तोच, तुरा आणि गालावर लाल ठिपका. माणसांनी नेऊन सोडला आणि आता तिथे सगळीकडे झाला आहे. साळुंक्याही तशाच. फ्रेंचांनी अठराव्या शतकात उसावरची टोळधाड खायला त्या भारतातून नेल्या होत्या. उसासाठी साळुंकी नेली, उसासाठी माणसं नेली. हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही, पुढे वर बसल्यावर आलं.

तासाभरात एक मोकळी जागा लागते. तिथून पहिल्यांदा खालचं खाजण दिसतं. किनाऱ्यालगत फिकट पोपटी पाणी, त्यापलीकडे पांढऱ्या फेसाची रेघ, म्हणजे प्रवाळाचा बांध, आणि त्याच्यापलीकडे एकदम गडद निळा खोल समुद्र. बांधावर लाटा फुटतात, आत पाणी शांत राहतं. शाळेत मी हे छेद काढून शिकवलं होतं. इथे छेद न काढता दिसत होतं. पुष्कळ लोक इथूनच परततात. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी खुशाल परतावं, दृश्य कमी पडत नाही.

आमच्या वाटाड्याने मात्र तिथे आमचे बूट तपासले, तळवे उलटे करून पाहिले. रात्री शिरवं येऊन गेलं होतं. "दुसमां, दुसमां," तो म्हणाला. क्रिओल या तिथल्या बोलीत म्हणजे हळूहळू.

इथून डोंगर बदलतो. रस्ता संपतो, मुरमाची घसाऱ्याची वाट सुरू होते आणि मग कातळ. काही ठिकाणी दोर बांधलेला आहे, पण दोरावर भार टाकायचा नाही, तो नुसता आधार. सह्याद्रीत फिरलेल्याला सगळं माहीत असतं. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत, एकच हलवायचा. पोट कातळाला चिकटवायचं नाही, अंग थोडं बाहेर ठेवायचं म्हणजे पाय दिसतो. माझी तीस वर्षांची सवय जागी झाली. बोटं आपोआप खोबणी शोधत होती. बेसॉल्टचं एक बरं असतं, तो कोरडा असला की बूट धरून ठेवतो. ओला झाला की मात्र कोणाचा नसतो. सावलीतल्या दोन टप्प्यांवर शेवाळाचा हात फिरला होता, तिथे वाटाड्या खाली उभा राहून माझी टाच स्वतःच्या हाताने खाचेत बसवत होता.

एका कड्याच्या कुशीत तो थांबला आणि बोट न लावता एक झुडूप दाखवलं. घंटेसारखी, खाली मान घातलेली लालसर फुलं. फ्रेंचमध्ये याला कानातलं म्हणतात, शास्त्रीय नाव ट्रोकेशिया बूतोनियाना. १९९२ पासून हे मॉरिशसचं राष्ट्रीय फूल आहे आणि रानात उगवलेलं ते जगात फक्त याच डोंगरावर आहे. खाली सुबाभळीने सगळं गिळलं, हे वर कड्यावर टिकलं, कारण इथवर पोचणं अवघड. मी तिथे बराच वेळ बसले. भाचीने फोटो काढला. झुडपाला कोणी हात लावला नाही. तुम्ही गेलात तर तुम्हीही लावू नका, ही कळकळीची विनंती आहे.

त्यानंतरचा टप्पा सगळ्यात उभा. वर पाहिलं तर आकाश आणि कोणाची तरी सॅक, खाली पाहिलं तर पोपटी पाणी. ऊन पाठीवर आलं होतं. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो हे मी मुलांकडून घोकून घेतलं होतं, तरी सावली उलट्या बाजूला पडलेली पाहून माझा दिशेचा अंदाज दोनदा चुकला.

नऊ वाजून गेल्यावर आम्ही लोखंडी क्रूसापाशी पोचलो. वाट इथेच संपते, साधारण ५०० मीटरवर. खरा माथा पलीकडे आहे, मध्ये कडा तुटला आहे आणि तिथे जाता येत नाही. क्रूसापाशी फोटोसाठी रांग होती. वाटाड्याने आम्हाला थोडं बाजूला नेलं, खाली बसायला सांगितलं आणि तो बोलायला लागला.

त्याचं सगळं सांगणं मी इथे त्याच्या शब्दांत देऊ शकत नाही. तो क्रिओल, फ्रेंच आणि थोडं इंग्रजी मिसळून बोलत होता आणि भाची जुळवून सांगत होती. डचांनी मादागास्करहून गुलाम आणले. फ्रेंचांनी मादागास्कर, मोझांबिक आणि भारतातूनही आणले. जे पळाले त्यांना फ्रेंचमध्ये ‘मारों’ म्हणत. १७२३ च्या फ्रेंच फर्मानाप्रमाणे पळालेला पहिल्यांदा सापडला तर कान कापत आणि खांद्यावर डाग देत. दुसऱ्यांदा सापडला तर पायाची शीर तोडत. तिसऱ्यांदा मृत्यू. हे माहीत असूनही माणसं पळत होती, आणि पळून इथे येत होती. या कड्यावर. ज्या टप्प्यावर मी बूट आणि दोर घेऊन, टाचेला वाटाड्याचा हात घेऊन चढले, तिथे ती अनवाणी, अंधारात चढली. वर गुहांमध्ये राहिली. इथल्या एका खिंडीवर ती झाडाचं खोड टाकून पलीकडे जात आणि मग ते खोड ओढून घेत, असं गावात सांगतात.

आणि तिथेच ती शेवटची गोष्ट सांगतात. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. ही बातमी सांगायला शिपाई डोंगराकडे निघाले. वरच्यांनी शिपाई पाहिले, आपल्याला धरायला आले असं त्यांना वाटलं, आणि परत साखळीत जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आलेली गोष्ट आहे, कागदावरची नाही. पण वाटाड्या ती सांगताना खालच्या गावाकडे पाहत होता, त्याची आजी तिथे राहते. २००८ मध्ये युनेस्कोने या डोंगराला जागतिक वारसा म्हटलं ते याच आठवणीसाठी. १ फेब्रुवारीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि लोक पायथ्याशी जमतात.

मी आयुष्यभर गडांवर गेले. पांडवगड, कमळगड, रायरेश्वर, राजगड. प्रत्येक ठिकाणी मुलांना सांगितलं की हा कोणी बांधला, कोणी जिंकला, कोणी किती दिवस लढवला. तटाचा दगड कोणी वाहून नेला हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ल मोर्नला तट नाही, दरवाजा नाही, पाण्याचं टाकं नाही, राजाचं नाव नाही. तरी मी आजवर पाहिलेल्या गडांत हा सगळ्यात जास्त गड होता. कोणालाच न सापडण्यासाठी माणसांनी तो लढवला.

खाली समुद्रावरून एक पांढरा पक्षी वर आला, कड्याच्या वाऱ्यावर तरंगत. शेपटीला दोन लांब पिसं, जणू हवेत ओढलेली रेघ. तिथे त्याला पाय-आं-क्यू म्हणतात, म्हणजे शेपटीला गवताची काडी. तो आमच्या पायाखालून उडत होता.

दोन दिवस आधी आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला होता. त्याच्या दगडी पायऱ्या. २ नोव्हेंबर १८३४ ला अॅटलास नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर त्या बंदरात उतरले, करार करून आणलेले, उसाच्या मळ्यांसाठी. तेव्हा तारखा मी नुसत्या वहीत टिपल्या होत्या. वर क्रूसापाशी बसून त्या एकमेकींशेजारी आल्या. नोव्हेंबर १८३४ आणि फेब्रुवारी १८३५. गुलाम सुटायच्या तीन महिने आधीच त्यांच्या जागेची माणसं बंदरात उतरली होती. गुलामांच्या सुटकेची भरपाई इंग्रज सरकारने दिली ती मालकांना, गुलामांना छदामही नाही. आणि त्या मालकांच्या मळ्यांवर मग पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख भारतीय गेले. बहुतेक बिहारकडचे, पुष्कळ तमिळ आणि तेलुगू. आणि मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडची आपली माणसं.

साताऱ्याकडची. माझ्याच जिल्ह्यातली. ती ज्या कातळाच्या देशातून निघाली त्याच चुलीच्या दुसऱ्या कातळावर येऊन ऊस तोडायला लागली, आणि समोर हा डोंगर होता. त्यांना कोणी सांगितलं असेल का, या डोंगरावर काय झालं ते? मी हे मोठ्याने म्हणाले बहुतेक, कारण भाचीने माझा हात धरला.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं. सगळ्यात उभ्या टप्प्यावर भाची गोठली. खाली पाणी दिसत होतं आणि तिचा पाय पुढे जाईना. मी तिला तोंड कातळाकडे करायला सांगितलं, शिडीवरून उतरतो तसं. "खाली बघू नकोस, फक्त माझा आवाज ऐक. डावा पाय एक वीत खाली. अजून. तिथे खाच आहे." वाटाड्या खालून म्हणत होता, "पा पेर, पा पेर," घाबरू नको. वीस मिनिटं लागली असतील. मागे चार-पाच जण खोळंबले होते, एकानेही घाई केली नाही. हे मला त्या वाटेवर फार आवडलं. खाली पोचल्यावर भाची पाच मिनिटं नुसती बसून राहिली, मग म्हणाली, "पुढच्या वर्षी तू मला राजगड दाखव." दाखवणार.

जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी सांगते. माणशी दोन लिटर पाणी न्या, वर एक थेंब मिळत नाही. आणि आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर जाऊ नका.

त्या संध्याकाळी आम्हाला कास्कावेलला एका मराठी घरी बोलावणं होतं, भाचीच्या मैत्रिणीच्या ओळखीने. घरच्या ताई सत्तरीच्या असाव्यात. त्या घरात आपापसात क्रिओल बोलत होत्या, आमच्याशी मराठी. शाळेत शिकलेली, जपून वापरलेली मराठी, शब्दाशब्दावर नीट पाय ठेवून बोललेली. गणपती जवळ आला होता, तिथे गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. अंगणात नातवंडं झाकरीचा सराव करत होती. आपल्या कोकणातली जाखडी. ढोलकीच्या ठेक्यावर गोल, एक पाय पुढे, वाक, मागे. गाण्यातले काही शब्द मला कळले नाहीत, आणि ताई म्हणाल्या, "आम्हालापण नाय कळत. आजी गायची तसं गातो." ताटात दालपुरी होती, वालाची आमटी, आंब्याचं लोणचं आणि गातो पिमां म्हणून डाळवड्यासारखे गरम वडे. अंगभर कातळ मुरलेला असताना ते जेवण जसं लागलं तसं लागलं.

मी ल मोर्नवर जाऊन आले म्हटल्यावर ताई गप्प झाल्या. म्हणाल्या, लहानपणी आम्हाला तिकडे बोट दाखवू देत नसत. "तिथे माणसं मेली ना बाई. त्यांचा डोंगर आहे तो." त्या स्वतः आयुष्यात कधी वर गेल्या नव्हत्या. मग आत जाऊन त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद आणला. मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या मजुरांची दप्तरं जपलेली आहेत, तिथून काढलेली नक्कल. त्यांच्या पणजोबांची. एक क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जहाज. जिल्हा रत्नागिरी. आणि गावाचं नाव, इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं.

"तुम्ही भूगोलाच्या बाई," ताई म्हणाल्या. "हे गाव कुठलं?"

मी चष्मा लावून तीनदा वाचलं. मोठ्याने वाचलं, अनुनासिक काढून वाचलं, कोकणी हेल देऊन वाचलं. मधलं अक्षर ‘व’ आहे की ‘ओ’, शेवटी ‘डी’ आहे की ‘ळी’, काही ठरेना. ताई माझ्या ओठांकडे पाहत होत्या. मी कागदाचा फोटो घेतला आणि शोधते म्हणाले.

आल्यापासून रत्नागिरी जिल्ह्याचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे जेवणाच्या टेबलावर पसरलेले आहेत. जुळतील अशी तीन गावं सापडली आहेत, दोन संगमेश्वर तालुक्यात आणि एक राजापूरकडे. रविवारी पहिल्या गावाला निघते आहे. तिथल्या देवळात, जुन्या माणसांत त्या नावाचं घराणं आठवतं का ते विचारायचं आहे. भाची गाडी चालवणार आहे.